मिल्पाचं ताट



मेक्सिकन जेवण म्हटलं की वितळलेलं चीज आणि तळलेले चिप्स डोळ्यांपुढे येतात. तिथल्या शेतकऱ्याचं ताट मात्र साधं. 'मिल्पा' या शेतात मका, घेवडा आणि भोपळा एकमेकांच्या आधाराने वाढतात आणि ताटातही एकत्र येतात. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून तव्यावर तोर्तिया भाजतात. चुन्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं, कॅल्शियमही मिळतं. या पाकपरंपरेला युनेस्कोने २०१० साली मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं.

आज टाको खावासा वाटला, तर आनंदाने खा. मक्याचा मऊ तोर्तिया, भरपूर घेवडा, ताजी साल्सा, वर लिंबू, चीज चिमूटभर. जीभ तृप्त होईल, पोटही दुवा देईल.