सुट्टी कुणाची?

१ मे हा आमच्या कबनूरमध्ये पाहुण्यांचा दिवस असतो. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात. मुंबई-पुण्याची भावंडे येतात, निपाणी-बेळगावकडून फुफी आणि मामू येतात. सकाळी शाळेत झेंडावंदन, दुपारी आमरस आणि मटणाचा रस्सा, रात्री गच्चीवर चटया टाकून गप्पा. महाराष्ट्र दिन आम्ही असा साजरा करतो. त्यात वावगे काही नाही. पाहुणा बरकत घेऊन येतो, हीच शिकवण आम्हाला घरातून मिळाली आहे. प्रश्न एवढाच, की या दिवशी सुट्टी नेमकी कुणाला मिळते?

ही तारीख दुहेरी आहे. १९६० साली या दिवशी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. पण त्याच्या कितीतरी आधीपासून १ मे हा कामगारांचा दिवस आहे. १८८६ साली आठ तासांच्या कामासाठी शिकागोच्या कामगारांनी केलेल्या संपाची ती आठवण. सीमेपलीकडच्या आमच्या नातेवाइकांना आजही ही सुट्टी मिळते ती कामगार दिनाचीच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही गिरणी कामगार पुढे होता. त्या लढ्याचे शाहीर अमर शेख, म्हणजे बार्शीचे महबूब हुसेन पटेल, स्वतः गिरणीत राबलेले होते. तेव्हा महाराष्ट्र दिन आमचा आहेच. पण तो आमचा म्हणायचा, तर त्यातला कामगारही आपला म्हणावा लागेल.

आमचे गाव इचलकरंजीला खेटून आहे. तिथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे सारा परिसर मागांच्या खडखडाटावर जगू लागला. माग चालवणाऱ्याची मजुरी कापडाच्या मीटरवर, पिकांच्या हिशेबाने ठरते. माग थांबला की मजुरी थांबली. त्यामुळे सुट्टीबद्दल विचारले तर तो म्हणतो, "सुट्टी नको, पाळी द्या." मग आपण समाधानाने म्हणतो, त्यालाच नको आहे! पण विश्रांती घेतली तर चूल अडते, अशा माणसाच्या नकाराला निवड म्हणता येईल का? खर्चीवर चार माग चालवणारा मालकही फार सुखात नसतो, हे खरे. तरीही घाम वाळण्याआधी मजुरी द्यावी असे सांगणाऱ्या परंपरेत वाढलेल्यांनी, घाम पुसायला एक दिवस आणि त्या दिवसाची मजुरी द्यायला इतके का कचरावे?

हाच प्रश्न घरातही आहे. पंधरा-वीस माणसे जेवतात तेव्हा भाभी आणि खाला पहाटेपासून चुलीपाशी असतात. मे महिन्याचे ऊन, वर गॅसची धग. सर्वांच्या शेवटी त्या जेवतात आणि पुन्हा भांड्यांना लागतात. यावर हमखास एक उत्तर मिळते: हे काम प्रेमाचे असते, त्याचा हिशेब मांडू नये. आम्हाला हे उत्तर अर्धेच पटते. प्रेमाचे मोल पैशात होत नाही, हे कबूल. पण प्रेमाने केलेल्या कामानेही पाठ दुखतेच. ज्याच्या वाट्याला फक्त ताट येते त्याने दुसऱ्याच्या प्रेमाची थोरवी गाणे फार सोपे आहे.

हदीसमध्ये पाहुणचाराचा हक्क तीन दिवसांचा सांगितला आहे. त्याबरोबरच, यजमानाला जड होईल इतके राहू नये असेही पाहुण्याला बजावले आहे. म्हणजे कर्तव्य दोन्हीकडे आहे. ही मर्यादा केवळ दिवसांची समजू नये, ती कष्टांचीही आहे. आलेल्या भावांनी आणि जावयांनी एका वेळची भांडी घासली, भाजी चिरली, तर पाहुणचारात उणेपणा येत नाही. उलट, त्या बाईला गच्चीवरच्या गप्पांत वेळेवर येऊन बसता येते.

कामगाराच्या नावाची सुट्टी दुसऱ्याच्या कामावर उभी राहत असेल, तर ती अजून पुरती मिळालेली नाही. सरकारने ती कॅलेंडरात लाल रंगात छापली. ती वाटून घेण्याचे काम घराने आणि कारखान्याने करायचे आहे.