विहिरीवर न विचारलेला प्रश्न

प्रायश्चित्तकाळातील तिसरा रविवार (अ वर्ष)
पहिले वाचन : निर्गम १७:३-७
दुसरे वाचन : रोमकरांस पत्र ५:१-२, ५-८
शुभवर्तमान : योहान ४:५-४२



रविवारची वाचने घरी आधी वाचून मिस्साला या, असे आपल्याला नेहमी सांगण्यात येते. पोप फ्रान्सिस यांनी तर २०१९ साली सामान्यकाळातील तिसरा रविवार हा खास देवशब्दाचा रविवार म्हणून ठरवून दिला. पण वाचून झाल्यावर करायचे काय, हे फारसे कोणी सांगत नाही. मग प्रार्थनासभेत उतारा वाचला जातो आणि प्रश्न सुरू होतात : येशू विहिरीवर किती वाजता बसला? त्या स्त्रीला किती नवरे होते? शिष्य कुठे गेले होते? मुलांच्या बायबल क्विझला हे प्रश्न छान आहेत, बक्षीसही जरूर द्यावे. मोठ्या माणसांनी मात्र असा प्रश्न घेऊन बसावे की ज्याचे उत्तर त्या पानावर छापलेले नसते. ते आपल्या घरात, आपल्या गावात जाऊन शोधावे लागते.

ह्या रविवारची वाचने घेऊन बसायला आपल्या महाड-पोलादपूरइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल. पहिल्या वाचनात तहानेने व्याकूळ झालेले लोक आहेत, शुभवर्तमानात विहीर आहे. आणि आपण राहतो तिथे पाणी हा नुसता दाखला नाही. इथे पाण्यावरून माणसांची डोकी फुटली आहेत, पाण्याबरोबर डोंगर खाली आले आहेत आणि एप्रिल-मे आला की अजूनही डोंगरातल्या वाड्यांवर हंडे घेऊन वणवण करावी लागते.

आधी शुभवर्तमान. येशू दमून विहिरीवर बसला आहे. शोमरोनी स्त्री पाणी भरायला येते आणि तो तिच्याजवळ पाणी मागतो. त्याच्याजवळ पोहरा नाही, विहीर खोल आहे, हे ती स्वतःच त्याला ऐकवते. म्हणजे तो पाणी पिणार कशाने? तिच्याच भांड्याने. आपण ही गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की हे भांडे आपल्या नजरेतून सुटते. यहुदी आणि शोमरोनी एकमेकांशी व्यवहार ठेवत नसत, असे योहान मध्येच थांबून सांगतो. काही अभ्यासक तर त्याचा अर्थ असा लावतात की ते एकमेकांची भांडी वापरत नसत. हा अर्थ महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. वरून ओंजळीत ओतलेले पाणी, चहाच्या टपरीवरची वेगळी ठेवलेली कपबशी, हे सगळे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिले आहे, काहींनी सोसले आहे.

पहिला प्रश्न इथेच घ्यावा. येशू पाणी देण्याआधी पाणी मागतो, तो का? आपल्याला देणे आवडते. नाताळात वाडीवर जाऊन केक आणि कपडे वाटणे आवडते. पण ज्या घरी आपण कपडे दिले, त्या घरी बसून त्यांच्या पेल्यातून पाणी प्यालो का? देणाऱ्याचा हात वर असतो. मागणाऱ्याचा हात खाली असतो, आणि त्या दुपारी देवाच्या पुत्राचा हात खाली होता.

आता आपल्या गावातल्या पाण्याकडे येऊ. महाडची नगरपालिका १९२४ साली ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले करते, पण ठराव कागदावर राहतो. मार्च १९२७ मध्ये कुलाबा जिल्ह्यातील बहिष्कृत वर्गाची परिषद महाडला भरते. परिषदेला आलेल्या माणसांना पिण्यासाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागते, कारण गावात पाणी असूनही ते त्यांच्यासाठी नसते. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर शांतपणे लोकांसह तळ्यावर जातात आणि पाणी पितात. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले होतात. पुढे १०८ घागरींचा विधी करून शेण, गोमूत्र, दूध आणि दही वापरून तळे ‘शुद्ध’ करून घेतले जाते. त्याच वर्षी नगरपालिका आपला ठराव मागे घेते, प्रकरण कोर्टात जाते आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागायला मार्च १९३७ उजाडतो. एक ओंजळ पाण्याला १० वर्षे. २० मार्च २०२७ ही ह्या घटनेच्या शंभरीची तारीख.

चवदार तळ्याला ओढूनताणून बायबलची गोष्ट करू नये. ते ज्यांचे आहे त्यांचेच राहू द्यावे. शिवाय यहुदी आणि शोमरोनी ह्यांचे जुने वैर होते, आपल्याकडे वैर नव्हते, उतरंड होती. हे दोन्ही एक नव्हे. पण हे वाचन दर तीन वर्षांनी साधारण मार्च महिन्यातच येते, आणि २० मार्चला महाडच्या रस्त्यांवर लांबलांबून आलेली माणसे चालत असतात. त्यांच्याकडे पाहून आपल्याला एक अवघड प्रश्न स्वतःला विचारता येईल. मुसलमान आणि ख्रिस्ती लोकांना त्या तळ्याचे पाणी घ्यायला कोणी अडवत नव्हते. डॉ. आंबेडकरांनीच हे सांगितले आहे. म्हणजे त्या काळी आपण महाडला असतो, तर आपली घागर भरली असती. कोणी हटकले नसते. मग त्या दिवशी आपण घागर भरून सरळ घरी गेलो असतो, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाला पाणी का मिळत नाही, असे कोणाला विचारले असते?

तेव्हाचे सोडा. आपल्या ख्रिस्तसभेत पाण्याचा विटाळ नाही, हे खरे आहे. एकाच कॅलिसमधून प्रभूचे रक्त आणि एकाच भाकरीतून त्याचे शरीर आपण घेतो. मिस्सा संपल्यावर काय होते? मुलीसाठी स्थळ आले की आपण आधी विचारतो, कुठले तुम्ही? तेव्हा आपल्याला गावच विचारायचे असते का? नगर-जालन्याकडून नोकरीसाठी आलेले कुटुंब, झारखंडहून आलेला कामगार, वीटभट्टीवर राबणारा आपला कातकरी बांधव, वसईचे, गोव्याचे, केरळचे, सगळे एका बाकावर बसतात. सणाच्या जेवणात एका पंगतीला कोण कोणाच्या शेजारी बसते, हे पुढच्या वेळी नुसते पाहावे. घाईने उत्तर देऊ नये, आठवडाभर ते मनात राहू द्यावे.

शुभवर्तमानात इथे एक ओळ आहे, तिच्यावरून आपण भरभर पुढे जातो. शिष्य गावातून खायचे विकत घेऊन परत येतात. गुरू एका स्त्रीशी, तेही शोमरोनी स्त्रीशी, बोलत असलेला पाहून त्यांना आश्चर्य वाटते. मात्र त्याबद्दल कोणी काही विचारत नाही. योहान हे मुद्दाम नोंदवून ठेवतो. तिने मात्र विचारले होते : तू यहुदी असून माझ्याजवळ पाणी कसे मागतोस? उपासना कोणत्या डोंगरावर करायची, हेही तिनेच काढले. चारही शुभवर्तमानांत येशूशी इतका लांब संवाद दुसऱ्या कोणा एका व्यक्तीचा नाही, आणि तो तिच्या प्रश्नांमुळे लांबला. शिष्यांना फक्त जेवणाची काळजी होती. गप्प राहून जपलेला संशय आणि तोंडावर विचारलेला प्रश्न, ह्यांतले काय येशूला आवडले, ते पुढची गोष्ट सांगते : मसीहा मीच आहे, हे तो तिला सांगतो. तेव्हा दुसरा प्रश्न : आपल्या घरात, आपल्या धर्मग्रामात असे काय आहे की ज्याचे आपल्याला आश्चर्य वाटते पण आपण विचारत नाही?

जाता जाता त्या पाच नवऱ्यांविषयी. आपण प्रवचनकारांनी ह्या बाईला फार बदनाम केले आहे. भर दुपारी एकटी आली, म्हणजे वाईट चालीची, असा सरळ हिशेब. येशू तिचे आयुष्य तिच्यासमोर मांडतो, पण तिला एकदाही पापी म्हणत नाही. त्या काळी घटस्फोट देण्याचा अधिकार मुख्यतः पुरुषाच्या हाती होता, आणि वैधव्य तर कोणाच्याच हाती नव्हते. दुपारच्या वेळेविषयी विचारायचेच असेल, तर पोलादपूरच्या डोंगरवाडीतल्या एखाद्या मावशीला विचारा. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायला लागला की पाणी झिरपून साचेल तेव्हा जावे लागते, मग पहाट असो की टळटळीत दुपार. ही मावशी हा उतारा आमच्यापेक्षा बरा समजावून देईल. तिला सभेत बोलायला लावा.

आता पहिले वाचन. रानात पाणी नाही, लोक मोशेवर उठतात, आणि शेवटी त्यांच्या तोंडी तो प्रश्न येतो : परमेश्वर आमच्यामध्ये आहे की नाही? आजच्या स्तोत्रात आपण ह्याच प्रसंगाची आठवण करून, हृदय कठीण करू नका असे एकमेकांना सांगतो. हा प्रश्न विचारणे चूक, असे मानून आपण मोकळे होतो. पण तो प्रश्न आपल्या दोन तालुक्यांत कोणी विचारला असेल, ह्याचा विचार करावा. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते इथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळीयेत डोंगर वस्तीवर आला आणि ८० हून अधिक माणसे गेली. त्याच वेळी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथे दरडी कोसळल्या, आणि महाड शहर पुराच्या पाण्यात बुडाले होते. मोशेने काठी मारली तेव्हा खडकातून पाणी निघाले. इथे पाण्याने खडकच खाली आणला. ज्याची माणसे त्या चिखलाखाली राहिली, त्याने परमेश्वर आहे की नाही असे विचारले, तर त्याला आपण परीक्षा पाहणारा म्हणायचे काय?

वाचन पुन्हा नीट पाहिले तर एक गोष्ट दिसते. परमेश्वर त्या लोकांशी वाद घालत नाही. मोशेही त्यांना प्रवचन देत नाही. तो देवाकडे रडतो की ह्या लोकांचे मी काय करू. आणि त्याला आज्ञा होते ती अशी : वडीलधाऱ्यांना बरोबर घे आणि लोकांच्या पुढे चाल. उत्तर म्हणून लोकांना मिळते ते पाणी. पुरानंतर महाडच्या घराघरांत शिरून चिखल उपसणाऱ्या, पाण्याच्या बाटल्या पोहोचवणाऱ्या माणसांपैकी बहुतेकांनी हे वाचन कधी ऐकलेही नसेल. म्हणून तिसरा प्रश्न : दुःखात बुडालेला शेजारी देव आहे का असे विचारतो, तेव्हा आपल्या हातात काय असते, उत्तर की पाणी?

संत पौलाविषयी थोडेच. आपण दुर्बळ आणि पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, असे तो म्हणतो. लायकी तपासून झाल्यावर नव्हे. मदत देण्यापूर्वी आपण माणसाकडून किती गोष्टींची खात्री करून घेतो, एवढे ह्या वाचनाजवळ बसून मनात मोजावे.

ह्या आठवड्यात आपापल्या लघु ख्रिस्ती समूहात हे तीन उतारे सावकाश, शक्य तर दोन वेगवेगळ्या आवाजांत वाचावेत. वरचे सगळे प्रश्न घेण्याची गरज नाही, एक पुरे. उत्तर आले नाही तर सभा फसली असे समजू नये. पुढच्या रविवारचे शुभवर्तमान योहानाचा नववा अध्याय आहे, जन्मांध माणसाचा. तिथे शिष्य गप्प बसत नाहीत. पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे, असे ते विचारतात. तळीयेची आठवण मनात ठेवून तो अध्याय घरी वाचून या.