कामाच्या गर्दीतली चार ओळींची नोंद



1920 साली किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून 'किर्लोस्कर खबर' हे माहितीपत्रक निघू लागलं. कारखान्यातली माणसं नांगर, उसाचे चरक अशा यंत्रांच्या उद्योगात बुडालेली. लिहिणं हे त्यांचं काम नव्हतं. तरी त्यांच्यातल्याच शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याच्या व्यापातच लेखणी चालू ठेवली. त्या माहितीपत्रकाचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि ते मराठी घराघरांत पोचलं.

आज सीमाभागातल्या कमलनगरच्या बाजारात मोबाइल दुरुस्त करणारा तरुण, शेतातली मोटार पुन्हा भरून देणारा कारागीर, शाळेतला संगणक सांभाळणाऱ्या बाई, या सगळ्यांकडेही कामातून आलेलं, लिहून ठेवण्याजोगं ज्ञान आहे. कोणत्या बिघाडाचं मूळ कुठे असतं, वीज कमी-जास्त झाली की काय जळतं, एकाच यंत्रावर मराठी आणि कन्नड दोन्ही कसं टंकायचं, हे त्यांना अनुभवानं कळलेलं असतं. पण ते लिहून ठेवायला सवड कुणाला?

सवडीची वाट पाहिली, तर लिहिणं होतच नाही. म्हणून आधी लेखाचा आकार लहान करावा. दुकान बंद करण्यापूर्वी चार ओळी पुरेत: बिघाड काय होता, काय करून पाहिलं, काय फसलं, कशानं जमलं. फसलेला उपाय आवर्जून लिहावा. पुढच्याचा वेळ त्यानंच वाचतो. मध्ये खंड पडला, तर खंत न करता आजची तारीख घालावी आणि पुढे लिहावं.

हातातलं कसब माणसाबरोबर संपतं. लिहिलेलं दुसऱ्याच्या हाती जातं. तेव्हा आज जे दुरुस्त कराल, त्याची नोंद आजच करा.