तळाची वाळू

गेल्या चैत्रांत आमच्या घरीं चार फूट लांबीची एक कांचेची पेटी आली व तिच्या मागोमाग आफ्रिकेंतील मलावी सरोवरांतल्या जातींचे दहा मासे आले. मासे कोणते घ्यावे याविषयीं घरांत फारसा वाद झाला नाहीं. वाद माजला तो पेटीच्या तळाशीं काय पसरावें यावर. चिरंजीवांस फिकट निळे चकचकीत खडे हवे होते, कन्येस संगमरवराचा पांढरा चुरा, आणि सौभाग्यवतींचें म्हणणें असें कीं, कांहींच नको, कारण जें पसरावें तें पुढें धुवावेंहि लागतें. प्रश्न केवळ आवडीनिवडीचा आहे असें समजून आम्हीं तो प्रथम हंसण्यावारी नेला. पण दुसऱ्या जिवानें आयुष्यभर कोणत्या भूमीवर वावरावें हें ठरविण्याचा अधिकार हातीं आला, म्हणजे तो कोणाच्या दृष्टीनें वापरावयाचा, हा प्रश्न आवडीनिवडीचा खचित नाहीं.

या माशांच्या कुळास शास्त्रज्ञ सिक्लिड म्हणतात. नांव परकें असलें तरी कूळ आपल्या ओळखीचें आहे. गोव्याच्या खाड्यांतील काळुंदर याच कुळांतला. आणि १९५२ सालीं परदेशांतून भारतांत आणलेला, पुढें आपल्या धरणांत मुबलक झालेला व उजनीच्या कांठीं चिलापी या नांवानें विकला जाणारा मासाहि त्यांतलाच. या कुळाचा विशेष असा कीं, यांतील पुष्कळ जातींना तळ म्हणजे घराची जागा असते. चिलापीचा नर विणीच्या काळांत तोंडानें वाळू उपसून थाळीसारखा खळगा करितो व त्याच्या राखणीसाठीं दुसऱ्या नरांशीं भांडतो; मादी तेथें अंडीं घालून तीं तोंडांत घेते, आणि पिलें फिरतीं होईपर्यंत जवळजवळ उपाशी राहते. टांगानिका सरोवरांतील कांहीं जाती गोगलगाईच्या रिकाम्या शंखांत बिऱ्हाड करितात व तो शंख वाळूंत हवा तसा पुरून घेतात. दक्षिण अमेरिकेंतील एका वंशाचें तर नांवच मृद्भक्षक अशा अर्थाचें आहे. हे मासे वाळूचा घांस घेऊन, त्यांतील खाद्य वेंचून, उरलेली वाळू कल्ल्यांवाटे सोडून देतात. हात नसलेल्या या प्राण्यांचें तोंड हाच त्यांचा हात.

घरांत अखेर निळ्या खड्यांचा जय झाला (बहुमत, दुसरें काय!), आणि आठवड्याभरांत, दुकानांत झळकणारे मासे फिकट पडून दगडाआड बसूं लागले. माशाच्या त्वचेंत रंगपेशी असतात. वरून येणारा प्रकाश व तळावरून परतणारा प्रकाश यांचें प्रमाण त्याचा डोळा जोखतो, आणि त्याप्रमाणें पेशींतील काळे कण पसरतात किंवा एकत्र आकसतात. तळ उजळ असला कीं मासा उजळ, गडद असला कीं गडद. अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रान्सिस समनर यानें काळ्या व पांढऱ्या टाक्यांत आठवडेच्या आठवडे ठेवलेले लहान मासे पेंग्विन पक्ष्यांपुढें सोडले; ज्यांचा रंग तळाशीं जुळत नव्हता ते अधिक संख्येनें गिळले गेले, असें त्याच्या १९३४ सालच्या लेखांत नमूद आहे.

म्हणून जाणते शौकीन सांगतात, काळा तळ घ्या. त्यावर रंग खुलतात. पण खुलतात ते कोणासाठीं? रंग खुलला म्हणजे मासा सुखी, असें अनुमान या मंडळींत सर्रास केलें जातें. आम्हांस त्यांत हेत्वाभास दिसतो. फिकट झालेला मासा खिन्नच असतो असें नाहीं. तो आपलें अंग झांकीत असतो. मलावी सरोवरांतहि फिकट वाळूचे विस्तीर्ण पट्टे आहेत व तेथेंहि मासे नांदतात. उलट पक्षीं, रंग हें केवळ आमच्या दिवाणखान्याचें भूषण आहे, असेंहि म्हणतां येत नाहीं. ओले झेहाउझेन या प्राणिशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं व्हिक्टोरिया सरोवराविषयीं १९९७ सालीं दाखविलें कीं, जेथें पाणी गढूळ झालें तेथें माद्यांना नरांचे रंग नीट ओळखूं येईनात, आणि निरनिराळ्या जातींमधील भेदच पुसट होऊं लागला. रंग ही त्यांची भाषा आहे. आम्ही ती न समजतां नुसती तिची लिपि पाहून खूष होतों.

पशूंचा विचार करितांना बेंथमनें १७८९ सालीं बुद्धि व वाचा या कसोट्या बाजूस सारून, दुःख सोसण्याची शक्ति ही कसोटी पुढें मांडली. ती येथें लावली तर रंगाचा प्रश्न मागें पडतो आणि कणाचा पुढें येतो. रंग हा आमच्या डोळ्यांचा विषय, कण त्यांच्या तोंडाचा. हें आम्हांस वेळेवर सुचलें नाहीं. काळा तळ हवा म्हणून निळे खडे काढून आम्हीं शेजारच्या बांधकामावरून दोन घमेलीं कृत्रिम वाळू आणली. ज्या काळ्या पाषाणांत वेरूळचें कैलास लेणें कोरलेलें आहे, त्याच जातीचा दगड यंत्रांत भरडून ही वाळू होते. कण टोंकदार, म्हणून सिमेंटास चांगली. पंधरा दिवसांत एका माशाचा ओठ सोललेला दिसला. तो मासा वांचला नाहीं. रंग मात्र त्याचा अखेरपर्यंत सुरेख दिसत होता.

उरली नदीची वाळू. पैठणच्या गोदेची वाळू मऊ, गोलसर, प्रवाहानें शतकानुशतकें घांसलेली. ती मिळतेहि सहज; दाम मोजले कीं ती कोठून आली हें कोणी सांगत नाहीं, आणि आपणहि विचारीत नाहीं. मराठवाड्यांत वाळूचा चोरटा उपसा ही वर्तमानपत्रांतली नित्याची बातमी आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं लहान क्षेत्रांतील उपशासहि पर्यावरणविषयक परवानगी आवश्यक ठरविली. नदीचा तळ खरवडला म्हणजे पाणी मुरत नाहीं व विहिरी आटतात, हें आपण जाणतों; तोच तळ नदीच्या माशांचें विणीचें ठिकाण असतो, हें सहसा ध्यानीं येत नाहीं. आमच्या पेटीस लागणार होती तीस-पस्तीस किलो. एवढ्यानें गोदावरीचें काय बिघडणार, असें मनानें लगेच सांगितलें. ट्रकवाल्याचें मनहि त्याला हेंच सांगत असलें पाहिजे. पेटींतल्यांची दया येते, कारण त्यांचा ओठ आम्हांस दिसतो; नदींतल्यांचा दिसत नाहीं. आमच्या शहरांतील पाणचक्कीचा लांबट हौद ज्यांनीं पाहिला आहे त्यांस ठाऊक असेल कीं, त्या हौदाचा तळ हेंच खालच्या दालनाचें छत आहे. खालीं गारव्याला उभ्या असलेल्यास वरच्या पाण्याची शंकाहि येत नाहीं. आमचें आणि नदीचें नातें असेंच होऊन बसलें आहे.

तत्त्वज्ञान शिकविणारे आमचे एक स्नेही म्हणाले, "अहो, पेटींत कोंडलेंत तेथेंच न्याय संपला, आतां वाळूचा कीस कशाला काढतां?" आम्हांस हें पटलें नाहीं. मासे मलावीस परत पाठवितां येत नाहींत, आणि येथल्या तलावांत सोडणें म्हणजे चिलापीचा दुसरा अध्याय लिहिणें. पण मोठा अन्याय निस्तरतां येत नाहीं म्हणून लहान अन्याय करावयास मोकळीक मिळते, हें तर्कशास्त्र आम्हीं तरी कोठें वाचलेलें नाहीं. स्नेह्यांनीं चहा घेतला व विषय बदलला.

परसांत कडुलिंबाखालीं, बारा वर्षांपूर्वीं बांधलेल्या भिंतीची उरलेली वाळू पडली होती. तिचा उगमहि नदीच, आणि तेव्हां आम्हीं कांहीं विचारलें नव्हतें. ती चाळली व पाणी निवळ येईपर्यंत धुतली; त्यास पंधरा बादल्या लागल्या. चुन्याचे थोडे कण राहिले असले तरी या माशांस जड पाणी मानवतें, आमच्या विंधनविहिरीचेंहि मानवलें आहे. रंग ना काळा ना पांढरा, मळकट करडा. चिरंजीव नाराज झाले. आम्हीं पट्टी घेऊन दीड इंचाचा थर सारखा केला. दुसऱ्या दिवशीं कॉलेजांतून परत येऊन पाहतों तों, एका नरानें त्यांतली बरीचशी वाळू तोंडानें उचलून एका कोपऱ्यांत ढीग केला होता व मधली कांच उघडी पाडली होती. सौभाग्यवतींनीं ती पुन्हा सारखी केली. दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत पुन्हा खळगा. आतां ती वाळू कोणी सारखी करीत नाहीं.