मोडलेली प्रार्थना

‘काम हीच पूजा’ हे वचन आपल्याकडे इतक्या भिंतींवर लावलेले असते, की ते वाचण्याचे कष्ट आता कोणी घेत नाही. मला स्वतःला त्याच्याविषयी एक जुना संशय आहे. ज्याला पूजा करायची नसते त्याला ते फार सोयीचे पडते, आणि ज्याला काम करायचे नसते तो ते दुसऱ्याला ऐकवतो. आम्हां ख्रिस्ती मंडळींतही हा प्रकार आहेच. “रविवारी उपासनेला दिसला नाहीत?” असे पाळकसाहेबांनी विचारले, की “साहेब, देव काय फक्त मंदिरातच असतो?” हे उत्तर तयार असते. उत्तर खोटे नाही. आणि म्हणूनच त्याचा नीट विचार करायला हवा. उघड खोट्यापेक्षा अर्धवट खरे माणसाला अधिक काळ फसवते.

संन्यासी घरदार सोडतो, त्याच्यापाशी वेळ असतो. पण ज्याला सकाळी दूध आणायचे आहे, मुलांचे डबे भरायचे आहेत, आठ वाजताची एस. टी. गाठायची आहे, त्याने देवाशी आपले नाते वाढवायचे ते कसे? त्याने वेळ चोरून प्रार्थना करावी, की कामालाच प्रार्थना समजून मोकळे व्हावे?

या प्रश्नाशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले आहे, तो मनुष्य कोणी पंडित नव्हता. तो आचारी होता. फ्रान्सच्या सीमेवरील लोरेन प्रांतातला निकोला एर्मां हा गरीब घरचा मुलगा तरुणपणी लढाईवर गेला आणि पायाला जखम घेऊन परत आला. पुढे एका श्रीमंताकडे तो हुजऱ्या म्हणून राहिला. तिथे आपण हाताला येईल ती वस्तू फोडीत असू, असे तोच सांगत असे. 1640 साली पॅरिसच्या कार्मेल मठात त्याला सेवेकरी बंधू म्हणून घेतले, लॉरेन्स हे नाव दिले आणि मुदपाकखान्यात उभे केले. गंमत अशी, की स्वयंपाकाचा त्याला मनापासून कंटाळा होता. तरी पंधरा वर्षे त्याने भांडी घासली, भाजी चिरली, अंडी तळली. पाय फारच दुखू लागल्यावर त्याला वहाणा शिवण्याच्या कामावर बसवले. एकदा त्याला मठासाठी द्राक्षमद्य खरेदी करायला बर्गंडीला धाडले. व्यापारातले त्याला काही कळत नव्हते, आणि लंगडेपणामुळे नावेत उभेही राहता येईना. तेव्हा हा भला माणूस पिंपांवरून गडबडा लोळत इकडून तिकडे गेला! पण काम करून आला. 1666 साली जोसेफ द बोफोर नावाचे एक धर्मगुरू त्याला भेटले आणि त्याचे बोलणे टिपून ठेवू लागले, म्हणून आज आपल्याला हे माहीत आहे. त्याचे सांगणे एवढेच, की प्रार्थनेची वेळ निराळी आणि कामाची वेळ निराळी असा भेद त्याच्यापुरता उरला नव्हता. दहा माणसे दहा गोष्टी मागत असतानाही देव त्याच्याजवळच असे.

मराठी वाचकाला यात परके वाटण्यासारखे काही नाही. जनाबाईच्या जात्यापाशी विठ्ठल येऊन बसला, सावता माळ्याला पंढरी मळ्यातच सापडली. आमचे रेव्हरंड टिळक तर तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो असे म्हणत. संतांच्या या भूमीत लॉरेन्सचे चरित्र वाचले, की मान आपोआप डोलते.

आणि इथेच घोटाळा होतो. आपण मुदपाकखान्याची गोष्ट लक्षात ठेवतो आणि तिच्या अलीकडची दहा वर्षे गाळतो. मठात आल्यावर पहिली दहा वर्षे आपण फार सोसले, हे लॉरेन्सनेच सांगितले आहे. देव आपला स्वीकार करील की नाही, हा धसका त्याला होता. नेमलेल्या वेळी तो नेमाने चिंतनाला बसे. मन भरकटे, तो ते परत आणी, पुन्हा भरकटे. भरकटल्याबद्दल स्वतःवर चिडण्यात वेळ घालवायचा नाही, हे शिकायलाच त्याला बराच काळ लागला असावा. कढईपुढे त्याला जे सहज लाभले, त्याची मुळे अशी खोल गेलेली होती. आपण मात्र पहिल्याच दिवशी कढईपुढे उभे राहतो आणि म्हणतो, झाली आमची प्रार्थना. गाणाऱ्याला रियाझ संपल्यावरही सूर सोबत करतो. म्हणून काही सूर सोबत आहे असे सांगून रियाझ चुकवता येत नाही.

मग नेम महत्त्वाचा ना? हो, पण नेमाचीही एक अडचण आहे, आणि ती मला पुस्तकातून नव्हे तर घरात कळली. माझी आई शेवटची तीन वर्षे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून होती. पहाटे पाचला उठून शास्त्र वाचायचे, प्रार्थना करायची, हा तिनेच मला लावलेला नेम. मी कंदिलाच्या काळापासून तो चालवीत आलो. आता असे होऊ लागले, की मी पवित्र शास्त्र उघडावे आणि आतून हाक यावी, “अरे, पाणी दे रे.” पाणी द्यावे, तर ती घोटभर पिई. परत येऊन बसावे, तो “कूस बदलून दे.” कूस बदलली, पांघरूण सारखे केले, की ती मोठ्या काळजीने विचारी, “प्रार्थना झाली का रे तुझी?” मी म्हणे, “होतेय, आई.” सहा वाजता नळाला पाणी येई, आणि प्रार्थना तशीच मोडलेली राही.

लॉरेन्स पॅरिसला आला त्याच काळात तिथे व्हिन्सेंट द पॉल हे सत्पुरुष होते. लुईज द मारियाक या बाईंच्या साहाय्याने त्यांनी 1633 साली गरिबांची आणि रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या भगिनींचा संघ उभारला. प्रार्थनेच्या वेळी एखाद्या गरिबाचे बोलावणे आले तर काय करावे, हा या भगिनींचा रोजचाच पेच. व्हिन्सेंट त्यांना सांगत, की बेशक उठून जा; तुम्ही देवाला सोडून देवाकडेच जात आहात. या उत्तराचा मला फार आधार वाटला. पण हे सांगणारे व्हिन्सेंट स्वतः पहाटे चारला उठून प्रार्थनेला बसत, हेही विसरता येत नाही. जो बसलेलाच नाही त्याला उठून जाण्याचे पुण्य कसले?

मार्काच्या शुभवर्तमानात पहिल्याच अध्यायात याहून नवलाची हकीगत आहे. कफर्णहूम गावी प्रभू येशूने संध्याकाळी उशिरापर्यंत रोगी बरे केले. सारे गाव दारात लोटले होते. दुसऱ्या दिवशी अगदी पहाटे, अंधारातच, तो उठला आणि एकांतात जाऊन प्रार्थना करू लागला. शिमोन आणि त्याचे सोबती शोधत शोधत तिथे आले, आणि सगळे तुम्हांला शोधताहेत म्हणाले. म्हणजे प्रभूचीही प्रार्थना मोडली! तो रागावला नाही, उठला; परंतु शिष्यांना वाटत होते तसा कफर्णहूमला मात्र परतला नाही. आसपासच्या दुसऱ्या गावांना जायचे आहे, असे त्याने सांगितले. माझ्या समजुतीप्रमाणे सारे मर्म या वळणात आहे. हाक आली की उठायचे हे खरे, पण प्रत्येक हाकेमागे धावायचे नाही. कोणती हाक आपली आणि कोणती नाही, हे ओळखण्याची स्थिरता त्या अंधारातल्या बसण्यातून येते. नुसत्या कामाला पूजा म्हणणाऱ्याला ती मिळत नाही. तो गावाच्या मागणीप्रमाणे धावत राहतो आणि दमला की जगावर रुसतो.

मार्थेचेही तसेच. बेथानीच्या मार्थेची गोष्ट सांगून आमच्याकडे बायकांना उगाच टोचून बोलतात. आणि असे बोलणाऱ्याने आयुष्यात कधी पीठ मळलेले नसते. आमच्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळच्या आठवड्यात तुमच्या दिवाळीसारख्याच करंज्या आणि चकल्या तळल्या जातात, आणि त्या तळणारीच उपासनेला सर्वांत उशिरा पोहोचते. लूकने लिहिलेले नीट वाचले, तर प्रभूने मार्थेच्या स्वयंपाकाला नावे ठेवलेली नाहीत. तिच्या जिवाची जी तगमग चालली होती, बहिणीविषयी जी तक्रार मनात धुमसत होती, तिच्यावर त्याने बोट ठेवले.

नाते खोल होते आहे की नाही, याची पारख अखेर माणसांपाशीच होते. वेदीवर दान ठेवताना भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा, ही प्रभूची आज्ञा मत्तयाने नोंदवली आहे. ही आज्ञा ऐकताना आम्ही सारे मान हलवतो. बांधावरून भावाशी पंधरा वर्षे न बोलणारेही हलवतात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना आठवेल. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे परत आल्या, पण सोवळे त्यांनी सोडले नव्हते. देवाने माणसांत जाती केल्या असतील का, याचा त्यांनी आपल्या मनाशी विचार केला, आणि एकदा उत्तर सापडल्यावर कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास त्या तयार झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा. धर्मशास्त्रावरची प्रवचने मी पुष्कळ ऐकली, पण देवाकडे टाकलेले पाऊल म्हणजे काय, हे मला त्या पाण्याच्या भांड्यापाशी जेवढे कळले तेवढे दुसरीकडे कुठे कळले नाही.

आई गेली. पहाटे पाचला आता कोणी हाक मारीत नाही, प्रार्थना सलग होते. पूर्वीपेक्षा ती चांगली होते असे मात्र मला सांगता येणार नाही. शेजारच्या आजोबांना डोळ्यांत औषध घालायला सव्वापाचला माणूस लागतो. त्यांचा मुलगा रात्रपाळीला असला की ते भिंतीवर काठी वाजवतात, आणि मी शास्त्रात खूण घालून उठतो.