छातीतली गाठ आणि उतावळे हात

मुलीच्या छातीत गाठ लागली म्हणून आई जी फाइल घेऊन येते, ती पुष्कळदा मुलीची नसतेच. मावशीची असते, आजीची असते. राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयाची, नाहीतर मुंबईच्या टाटाची. नागपुरात लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करताना या फायली मी बऱ्याच चाळल्या आहेत. त्या भीतीला हसावंसं कधी वाटलं नाही. शहरातल्या बायकांमध्ये आज सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. फक्त तो या वयाचा नाही. विशीच्या आत वर्षाला दहा लाख मुलींमागे एखादीला झाला तर झाला.

नऊ-दहा वर्षांच्या मुलीला तपासताना आई घाईघाईनं बोट ठेवते. "पहा ना जी मॅडम, एकीकडंच आहे." मुलगी पंख्याकडे बघत असते. स्तनाग्राच्या बरोबर खाली बटणाएवढी, जराशी कडक, दाबली की दुखणारी चकती हाताला लागते. हा स्तनाचा कोंब. आठ ते तेरा या वयात तो कधीही दिसू लागतो. आधी एका बाजूला आणि काही महिन्यांनी दुसऱ्या बाजूला, असं सर्रास होतं. पुढचा सगळा स्तन याच चकतीतून वाढायचा असतो. गाठ समजून ती काढली, किंवा तपासणीसाठी तिचा तुकडा घेतला, तर त्या बाजूची वाढ खुंटते. लग्नाचं बघायला लागल्यावर अशी एक तरुणी आली होती. ओढणीची घडी एकाच बाजूला जाड करून घेतलेली, आणि आत लहानपणीच्या 'छोट्याशा ऑपरेशन'चा व्रण.

उतावळेपणा खरं तर पाळण्यापासूनच सुरू होतो. आईच्या संप्रेरकांमुळे नवजात बाळाची छाती फुगते, मुलग्याचीसुद्धा. कधी दुधाचे थेंबही येतात. मालिशवाल्या मावशी ते 'साचलेलं' पिळून काढतात. हात लावला नाही तर काही आठवड्यांत ते आपोआप ओसरतं. पिळलं तर लाली, ताप, पू, आणि शेवटी चीर द्यायची वेळ.

मुलग्यांचं दुखणं निराळं. तेरा-चौदाच्या सुमारास निम्म्याहून अधिक मुलग्यांच्या छातीत अशीच चकती येते आणि बहुतेकांची दोनेक वर्षांत जाते. पण तेवढ्यात मुलगा पोहायला जायचं सोडतो, सैल शर्ट मागतो, आणि कारण कुणालाच सांगत नाही.

पंधरा-सोळाच्या मुलींत हमखास भेटते ती फायब्रोअ‍ॅडेनोमा. गुळगुळीत, न दुखणारी, बोटाखालून निसटणारी गाठ. सोनोग्राफी पुरते, या वयात मॅमोग्राफीचा उपयोग नाही, कारण स्तन इतका दाट असतो की त्या फोटोत काही उमगत नाही. दोन-तीन सेंटिमीटरची गाठ असेल तर मी माप लिहून ठेवते आणि काही महिन्यांनी पुन्हा बोलावते. काही गाठी लहान होतात, काही आहेत तशाच राहतात. भराभर वाढणारी किंवा पाच सेंटिमीटरच्या पुढे गेलेली काढलेली बरी.

थांबायचं नाही अशीही लक्षणं आहेत: दगडासारखी कडक आणि न हलणारी गाठ, आत ओढलेली कातडी, स्तनाग्रातून रक्त, लाली आणि ताप, किंवा मुलीला पूर्वी कर्करोग होऊन छातीला रेडिएशन दिलेलं असणं. आठाच्या आत छाती वाढू लागली, सोबत उंचीही झपाट्यानं वाढत असेल, तर संप्रेरकांच्या डॉक्टरांना दाखवायला हवं.

यातलं सगळ्यांत अवघड काम थांबा म्हणून पटवणं. उमरेड-काटोलहून एसटीनं आलेल्या बापाला 'सध्या काही करायचं नाही' हे ऐकून फसवल्यासारखं वाटतं. तो दुसऱ्या दारी जातो, आणि तिथं कापायला तयार असलेला हात मिळूही शकतो. म्हणून मी पुढची तारीख देते, मागचं आणि आजचं माप समोर मांडते. तारीख ठरवून थांबणं ही टाळाटाळ नव्हे, तो उपचारच आहे, हे आकडे दिसले की लोकांना पटतं.

आणि हे मी मुलीशी बोलते. हात लावू का, हे तिला विचारते. एरवी तिच्या छातीबद्दल तिच्या डोक्यावरून सगळे बोलतात, कुजबुजत, जणू तिनंच काही केलं आहे. आपल्याकडे स्तनाच्या कर्करोगाच्या कितीतरी बायका गाठ महिनोन्‌महिने लपवून उशिरा दवाखाना गाठतात. ही लपवायची सवय चाळिशीत लागत नाही, दहाव्या वर्षी लागते. कोंब म्हणजे काय, कोणता बदल दिसला की सांगायचं, हे त्या वयात सरळ शब्दांत कळलेली मुलगी पुढे खरी गाठ आली तर वेळेवर बोलेल, असा माझा भरवसा आहे.