जुन्या मोटारीची नवी बैठक

नीतिशास्त्राचे प्रश्न मोठ्या प्रसंगींच उपस्थित होतात असा एक समज आहे. राज्यें उलथतात, प्राण संकटांत पडतात, सत्य आणि स्नेह यांचा झगडा जुंपतो, तेव्हांच काय तें धर्म कोणता व अधर्म कोणता हें पाहावें लागतें. एरवीं मनुष्यानें आपल्या सोयीप्रमाणें वागावें, असें पुष्कळांस वाटतें. आमचें मत याहून निराळें आहे. नित्य वापरांतल्या क्षुल्लक वस्तूही कधीं कधीं असा पेंच घालतात कीं, तो सोडवितांना तत्त्वज्ञानाचे जुने सिद्धान्त पणाला लागतात. असाच एक प्रश्न आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. सुमारें सत्तर वर्षांपूर्वीं इंग्लंडांतील एखाद्या हौशी गृहस्थानें स्वतःच्या हातानें जुळविलेली फायबरग्लासच्या अंगाची मोटार आज दुसऱ्या कोणाच्या हातीं आली आहे. त्यानें तिच्यांतील झिजलेल्या बैठका काढून नव्या बसवाव्या कीं नाहीं? बसविल्या तर ती मोटार तीच राहते काय? आणि न राहिली, तर त्यांत कोणाचा अपराध होतो?

प्रश्न ऐकून वाचकांस हंसूं येण्याचा संभव आहे. म्हणून या मोटारींचें कुळ आधीं सांगितलें पाहिजे. इंग्लंडांत 1940 सालीं, युद्धाच्या दिवसांत, खरेदीकर बसला व तो युद्धानंतरही चालू राहिला. तयार मोटार घेणारास तो भरावा लागे. सुटे भाग आणून घरीं जुळविणारास त्यांतून सुटका मिळे. त्याच सुमारास कांचेच्या बारीक तंतूंचे थर राळेंत भिजवून सांच्यावर बसविण्याची विद्या सामान्य कारागिराच्या आटोक्यांत आली. पोलादी पत्रा दाबून मोटारीचें अंग घडवावयाचें तर प्रचंड यंत्रें लागतात. या नव्या द्रव्याला एक सांचा, एक पडवी आणि दोनचार कष्टाळू माणसें पुरत. 1950 नंतरच्या दशकांत लहान लहान कारखाने निघाले आणि नुसतीं पोकळ कवचें विकूं लागले. घेणारा फोर्ड कंपनीची एखादी जुनी आठ किंवा दहा अश्वशक्तीची मोटार स्वस्तांत मिळवी, तिचें गंजलेलें अंग फेंकून देई, आणि खालची चॅसी, इंजिन व चाकें ठेवून त्यांवर हें झगझगीत कवच चढवी. वेल्समध्यें 1959 सालीं निघालेल्या गिल्बर्न कंपनीसारखे कांहीं कारखानदार रंगविलेलें व आंतून मढविलेलें अंगच देत. इंजिन, गिअरपेटी, आंस इत्यादि भाग तेवढे घेणारानें बसवावयाचे. 1973 च्या एप्रिलांत खरेदीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला, ती सवलत संपली, आणि या धंद्याचा पहिला बहर ओसरला.

आतां बैठकांकडे वळूं. नुसतें कवच विकणारा बैठका देईच असें नव्हतें. मग कोणी भंगारांतल्या दुसऱ्या मोटारीच्या आणी, कोणी फळीवर गादी ठोकून आपल्या अंगाच्या मापानें घरींच बनवी. फायबरग्लास गंजत नाहीं. त्यामुळें कवच आजही पाहावें तों शाबूत. परंतु गादींतला फोम कालांतरानें भुकटी होऊन झडतो, खालचे रबरी पट्टे सैल पडून लोंबूं लागतात, वरचें आवरण तडकतें. देह टिकला आणि आसन जीर्ण झालें, असा हा उलटा प्रकार आहे. कवच पूर्वींच नष्ट झालें असतें तर आमचा प्रश्नच उद्भवला नसता.

नवी बैठक बसविणें हेंही वाटतें तितकें सोपें काम नाहीं. मधला उंचवटा आणि बाजूचा उंबरा यांमधील जागा अरुंद असते. आजच्या मोटारींच्या बैठका जाड. त्या ठेवल्या कीं बसणारा उंच होतो, डोकें छताला लागतें आणि सुकाणूचें चक्र मांडीला अडतें. म्हणून असे हौशी लोक माझ्दा कंपनीच्या एमएक्स-५ सारख्या लहान दोन आसनी मोटारींच्या आटोपशीर बैठका शोधीत असतात. खरी मेख पुढेंच आहे. फायबरग्लासवर भार पसरून टाकला तर तें पुष्कळ सोसतें, पण एका बिंदूवर आला तर सोसत नाहीं. तळाला भोंक पाडून लहानशा वॉशरवर नट आवळला, तर धक्क्यासरशीं बोल्ट आपल्याभोवतींचा तुकडा घेऊन उपटून येतो. यासाठीं खालून रुंद पोलादी पट्टी द्यावी लागते, किंवा बैठकीचा भार थेट चॅसीच्या आडव्या दांड्यावर न्यावा लागतो. छातीवरचा पट्टा अडकविण्याची जागा तर पोलादांतच हवी. म्हणजे बैठक बदलतांना मोटारीच्या हाडापर्यंत हात घालावा लागतो, आणि येथेंच जुन्याचे अभिमानी कळवळून उठतात.

त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: ही वस्तु एका काळाची साक्ष आहे, तिचा एकेक भाग बदलीत गेलों तर शेवटीं नांव तेवढें उरेल. हा वाद फार प्राचीन आहे. अथेन्सच्या लोकांनीं थीसिअसचें जहाज जपून ठेविलें व कुजलेली फळी काढून तेथें नवी बसविण्याचा क्रम चालविला, तेव्हां जहाज तेंच कीं दुसरें असा वाद तत्त्वज्ञांत माजल्याचें प्लुटार्क सांगतो. इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्स यानें 1655 च्या आपल्या ग्रंथांत आणखी एक गांठ मारली: काढलेल्या सर्व फळ्या जमवून कोणीं दुसरें जहाज उभें केलें, तर खरें कोणतें? आपल्याकडे मिलिंद राजास भिक्षु नागसेन रथाचाच दाखला देतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आंस म्हणजे रथ नव्हे, धुराही नव्हे. या सर्वांच्या जुळणीला दिलेलें तें व्यवहाराचें नांव. उलट नैयायिक व वैशेषिक म्हणतात कीं, अवयवी हा अवयवांहून वेगळा आणि खरा पदार्थ आहे. मात्र त्यांच्याच मतें एक अवयव गेला कीं पूर्वींचा अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो. जुन्याच्या अभिमान्यांस हा पक्ष प्रिय वाटेल. पण मग त्यांनीं मोटारीचें टायरही बदलतां कामा नये!

आमच्या मतें या मोटारीचा दाखला थीसिअसच्या जहाजाहून अधिक बोधक आहे. त्या जहाजाला निदान एक मूळ रूप होतें. या मोटारीला तें कधींच नव्हतें. कवच एका पडवींतलें, इंजिन दुसऱ्या कारखान्याचें, बैठका तिसऱ्या कोणाच्या. ज्या गृहस्थाच्या नांवानें आपण आज बदलास हरकत घेतों, तो स्वतः बदलणाराच होता. फोर्डचें अंग फेंकतांना त्याचा हात थरथरला नाहीं. त्याच्या कृतीनें त्या सुट्या भागांना एकत्व दिलें तें एवढ्यामुळें कीं, एका मनुष्यानें आपल्या गरजेला, ऐपतीला आणि अंगमापाला जुळेल असें वाहन घडविलें. हें जुळवून घेणें हाच जर त्या वस्तूचा आत्मा असेल, तर आजच्या मालकानें आपल्या पाठीला साजेल अशी बैठक बसविणें हें त्याच व्रताचें पालन होय.

इंग्लंडांतील सरकारी पद्धतही या बाबतींत मननीय आहे. फार बदललेल्या मोटारीनें जुना नोंदणी-क्रमांक राखावा कीं नाहीं, हें ठरविण्यास तेथें बरींच वर्षें गुण मोजीत आले. मूळच्या चॅसीला 5, निलंबन, आंस, गिअरपेटी व सुकाणू यांना प्रत्येकीं 2, इंजिनाला 1, आणि निदान 8 गुण भरावे लागत. यांत बैठकीला शून्य! यंत्राची ओळख ठरवितांना मनुष्य जेथें बसतो त्या जागेची गणनाच नव्हती. ओळखीच्या दृष्टीनें हें योग्यही असेल. पण नीतीच्या दृष्टीनें पाहूं लागलों तर हिशेब उलटा होतो. चॅसी कोणाची हें मोटारीपुरतें पाहावें. बैठक कशी हें माणसापुरतें पाहावें लागतें.

आणि येथें एक भेद केला पाहिजे, जो या वादांत सहसा केला जात नाहीं. अशा मोटारींत बैठका दोन असतात. उजवीकडची मालकाची, डावीकडची पाहुण्याची. मालकानें आपल्या पूर्वजाच्या फळीवर बसून पाठ मोडून घेतली, तर तो त्याचा तपाचार आहे. त्यास कोणीं अडवूं नये. परंतु डावीकडे जो बसतो तो तप करावयास आलेला नसतो. तो विश्वासानें बसतो. जुन्या बैठकीची पाठ खांद्याखालींच संपते. मागून धक्का बसला असतां मानेला आधार लागतो, हें कळून अमेरिकेंत 1969 पासून नव्या मोटारींच्या पुढच्या बैठकांना मस्तकाधार सक्तीचा झाला. इंग्लंडांत 1983 च्या जानेवारीपासून पुढें बसणारास पट्टा बांधणें भाग झालें. ज्या जुन्या मोटारींत मुळांतच पट्टे नाहींत त्यांना सूट आहे, पण तशा मोटारींत तीन वर्षांखालील मूल नेण्यास बंदी आहे, व त्याहून मोठ्या मुलास मागेंच बसविलें पाहिजे. मागची बैठकच नसलेल्या मोटारींत मग मूल बसवावें तरी कोठें? स्वतःच्या जिवाशीं खेळण्याची मुभा कायद्यानें मालकास दिली, आणि ज्यास संमति देतां येत नाहीं त्याचें रक्षण केलें. आमच्या मतें नीतीचा कौलही हाच आहे, आणि तो मुलांपुरता आटोपत नाहीं. ज्या प्रौढास धोक्याची कल्पना दिलेली नाहीं, त्याची संमतिही संमति नव्हे. वस्तूवरील निष्ठा कितीही उदात्त असो, तिचें मोल दुसऱ्याच्या मानेनें चुकवितां येत नाहीं.

मग सोय आणि सुरक्षितता यांच्या नांवाखालीं वाटेल तें करावें काय? हा आक्षेप खरा आहे. आज बैठक, उद्यां चॅसी, परवां सर्वच, असें होऊं शकतें. यावर तीन मर्यादा आम्हांस पुरेशा वाटतात. पहिली ही कीं, बदल परत फिरवितां येईल असा असावा. बैठक मावत नाहीं म्हणून कवच कापूं नये, मावेल अशी बैठक शोधावी. दुसरी ही कीं, काढलेल्या बैठका फेंकूं नयेत. फळीवरचे ओबडधोबड खिळे हें त्या अनाम कारागिराचें हस्ताक्षर आहे. तें माळ्यावर, चिठ्ठी बांधून, जपावें. तिसरी मर्यादा सचोटीची. पुढें मोटार विकतांना काय मूळचें व काय मागाहूनचें हें स्पष्ट सांगावें. जुन्या इमारतींच्या जतनाविषयीं 1964 सालीं व्हेनिस येथें जी सनद झाली, तींतही नवा भाग जुन्याशीं सुसंवादी असावा, परंतु जुना म्हणून खपूं नये, असेंच ठरलें आहे. नवी बैठक जोंवर आपण नवी असल्याचें लपवीत नाहीं, तोंवर तिनें कोणाचीही फसवणूक केलेली नसते.

ज्या वस्तु आपण वडिलांकडून घेतों त्यांचे आपण सर्वस्वी धनी नसतों, हें जुन्याच्या अभिमान्यांचें म्हणणें आम्हांस मान्य आहे. मात्र त्या वस्तूंवर जीवंत माणसांचाही हक्क असतो, आणि त्यांतल्या त्यांत आपल्या भरंवशावर शेजारीं येऊन बसणाऱ्याचा हक्क पहिला. तो सांभाळून जें जुनें जपतां येईल तें अवश्य जपावें. दोन्हीं साधणें अशक्य झालें तर मोटार शोभेला ठेवावी आणि तिच्यांत कोणास बसवूं नये. तिला रस्त्यावर काढावयाची असेल तर मात्र बैठक बदलण्यास कचरूं नये.